नवा हप्ता न लावता पलंग, गादी आणि खुर्ची: कर्जात असलेल्या दिव्यांगांच्या घरासाठी

घरात दिव्यांग व्यक्ती आहे, डोक्यावर कर्ज आहे आणि पलंग तर घ्यायलाच हवा. अशा वेळी माणूस थेट फर्निचरच्या दुकानात जातो आणि "शून्य टक्के व्याज, बारा हप्ते" ऐकून सही करून येतो. दोन महिन्यांनी कळतं की पलंग तीन इंच बुटका आहे. त्यावरून व्हीलचेअरवर येता येत नाही आणि हप्ता मात्र सुरू झाला आहे. म्हणून दुकान सर्वात शेवटी. त्याआधी माप, मग खात्यातले पैसे, मग फुकट किंवा उसनं मिळणारं सामान, मग घरातल्याच वस्तूची दुरुस्ती. या क्रमाने गेलं तर बऱ्याच घरांत दुकानापर्यंत जायची वेळ येत नाही.

आधी माप, मग वस्तू

गरजेचं फर्निचर म्हणजे ज्याच्यावाचून झोपणं, उठणं, शौचाला जाणं आणि जेवणं अडतं तेवढंच. बहुतेक घरांत ही यादी चार वस्तूंची असते: पलंग, गादी, हात असलेली खुर्ची, कमोड खुर्ची. शिकणारं किंवा घरून काम करणारं कुणी असेल तर पाचवं टेबल. कपाट, सोफा, डायनिंग सेट थांबू शकतात.

मेजर टेप घ्या आणि पुढची मापं कागदावर लिहा.

व्हीलचेअर वापरत असाल तर उशी टाकून, वर माणूस बसलेला असताना जमिनीपासून बैठकीची उंची मोजा. ती साधारण १८ ते २० इंच भरते. पलंगाची उंची, म्हणजे गादी माणसाच्या वजनाने दबल्यावरची उंची, याच्या बरोबरीची हवी. इथेच गफलत होते. लोक लाकडापर्यंत मोजतात आणि गादीची जाडी मिळवतात, पण चार इंचांची जुनी कापसाची गादी दबून दीड-दोन इंचांवर येते. पलंग खाली राहिला तर त्यावर उतरणं सोपं वाटतं, पण परत व्हीलचेअरवर येताना सगळं वजन हातांनी उचलावं लागतं आणि खांदे जातात.

उभं राहता येत असेल पण गुडघ्यांत ताकद कमी असेल, तर चप्पल घालून गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं माप घ्या आणि त्यात एक ते दोन इंच वाढवा. पलंग, खुर्ची आणि कमोड तिन्ही त्या उंचीचे हवेत. खुर्चीचे हात बैठकीपासून सात ते नऊ इंच वर असले की त्यावर जोर देऊन उठता येतं.

टेबलाखाली व्हीलचेअर जायची असेल तर खालची मोकळी उंची किमान २८ इंच आणि रुंदी ३० इंच ठेवा. मध्ये ड्रॉवर किंवा आडवी पट्टी नको. व्हीलचेअरचे हात उंच असतील तर तेही मोजा, नाहीतर टेबलाला हातच अडतात.

खोलीचंही माप घ्या. पलंगाच्या एका बाजूला तीन फूट मोकळी जागा लागते. लकवा मारलेल्या माणसासाठी ही मोकळी बाजू अशी निवडा की उतरताना चांगला हात आणि चांगला पाय आधी कामाला येतील.

सरकारी रुग्णालयात व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) विभाग असेल तर ही मापं तिथे तपासून घ्या आणि चिठ्ठीवर लिहून मागा. मुंबईत हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था हेच काम करते. "पलंगाची उंची १९ इंच, उजव्या बाजूला पकडायला दांडा" असं डॉक्टरांच्या सहीने लिहिलेलं असलं की पुढे प्रत्येक अर्जात ते उपयोगी पडतं.

पैसे येतात ते खातं कर्जाच्या बँकेत ठेवू नका

संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान ज्या खात्यात येतं त्याच बँकेचं कर्ज थकलेलं असेल, तर आलेली रक्कम हप्त्यात वळती होण्याची भीती असते. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी हे अनुदान २०२५ मध्ये दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. एवढ्या पैशात महिना काढणाऱ्याला एक बाउन्स चार्जही, म्हणजे हप्ता परत गेल्याचा दंडही, परवडत नाही.

जिथे तुमचं कोणतंही कर्ज नाही अशा बँकेत किंवा पोस्टात शून्य शिल्लकीचं खातं उघडा. मग त्या शाखेत आधार जोडणीचा फॉर्म भरा, कारण थेट लाभाचे पैसे सर्वात शेवटी आधार ज्या बँकेशी जोडला त्या खात्यात जातात. नुसतं खातं उघडून आधार जोडला नाही तर पैसे जुन्याच खात्यात येत राहतील. नव्या खात्यावर कोणत्याही कर्जाचं ऑटो डेबिट, म्हणजे हप्ता आपोआप कापण्याची परवानगी, लावू नका.

जुन्या खात्यावरचा हप्ता मात्र गुपचूप बंद करू नका. पुरेशी शिल्लक नसल्याने परत गेलेल्या ऑटो डेबिटवर चेक बाउन्ससारखीच फौजदारी तक्रार होऊ शकते. आधी बँकेला लेखी द्या: उत्पन्न किती, दिव्यांगत्व किती टक्के, औषधांचा खर्च किती, महिन्याला किती भरता येईल. मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. या पत्राची पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. त्यासाठीचा फोन १४४४८.

"आम्ही तुमचं कर्ज निम्म्यात मिटवून देतो" म्हणत आधी फी मागणाऱ्या कंपन्यांच्या नादी लागू नका. एकरकमी तडजोड बँकेशी स्वतः करता येते आणि ती करायची असेल तर पैसे भरण्याआधी तडजोडीचं पत्र हातात हवं.

फुकट किंवा अनुदानातून काय मिळतं

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर ते पहिलं काम. स्वावलंबन कार्डाच्या सरकारी पोर्टलवर अर्ज भरायचा आणि ठरलेल्या रुग्णालयात तपासणीला जायचं. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तरच पुढच्या बहुतेक योजना लागू होतात.

केंद्राच्या एडिप योजनेतून व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी खास खुर्ची अशी साधनं मिळतात. २०२२ मध्ये योजनेच्या मर्यादा वाढल्या. महिन्याचं उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत. तेच साधन मागच्या तीन वर्षांत घेतलेलं नसावं. अलिम्को ही सरकारी कंपनी जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरं घेते आणि प्रधानमंत्री दिव्याशा केंद्रांतूनही साधनं देते. शिबिरं दोन असतात हे लक्षात ठेवा. पहिल्यात तपासणी आणि माप, दुसऱ्यात वाटप, आणि मध्ये काही महिने जातात. मापाच्या शिबिराला गेला नाहीत तर वाटपाच्या दिवशी रिकाम्या हाताने परत यावं लागतं.

घरातली व्यक्ती ६५ वर्षांची किंवा त्याहून मोठी असेल आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल, तर राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच ३,००० रुपये खात्यात येतात. ते कमोड खुर्ची, वॉकर, व्हीलचेअर, कमरेचा पट्टा अशा वस्तूंसाठी आहेत. खरेदीची पावती जपून ठेवा.

सर्वात दुर्लक्षित दार म्हणजे ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका आणि जिल्हा परिषद. महाराष्ट्रात या संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. हा पैसा कित्येकदा मार्च संपताना घाईने खर्च होतो किंवा पडून राहतो. म्हणून अर्ज एप्रिल-मेमध्येच द्या, मार्चची वाट पाहू नका. अर्जात "पलंग हवा" एवढंच लिहिलं की तो घरगुती सामान म्हणून बाजूला पडतो. "बिछान्यातून व्हीलचेअरवर जाण्यासाठी १९ इंच उंचीचा, धरदांडा असलेला पलंग, वैद्यकीय शिफारशीनुसार" असं लिहा. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, यूडीआयडीची प्रत आणि फॅब्रिकेशनवाल्याचं कोटेशन जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. महिनाभर हालचाल नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत तीन गोष्टी विचारा: मागच्या वर्षी ५ टक्के निधी किती होता, किती आणि कशावर खर्च झाला, माझा अर्ज कोणत्या तारखेला कुणाकडे आहे. उत्तराची मुदत ३० दिवस. पुढची तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे.

शाळेत जाणाऱ्या मुलाच्या टेबल-खुर्चीचा खर्च घरावर घेऊ नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला १८ वर्षांपर्यंत शिक्षणासाठी लागणारी साहाय्यक साधनं मोफत द्यायची आहेत. मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि गटसाधन केंद्रालाही (तालुक्यातल्या शाळांना मदत करणारं शिक्षण विभागाचं केंद्र) प्रत पाठवा. सरकारी नोकरीत असाल तर कामाच्या जागेची योग्य खुर्ची आणि टेबल देणं कार्यालयाचं काम आहे, त्याच कायद्याच्या कलम २० नुसार.

रुग्णोपयोगी साहित्य केंद्र

आजारपणाचं सामान उसनं मिळण्याची महाराष्ट्रात ही चांगली सोय आहे आणि अनेकांना ती फक्त कुणी आजारी पडल्यावरच आठवते. जनकल्याण समिती, रोटरी क्लब, ज्येष्ठ नागरिक संघ, काही गणेश मंडळं आणि देवस्थानं फाउलर बेड (हँडल फिरवून पाठ आणि पाय वर उचलणारा पलंग), एअर बेड (पंपाने हवा भरलेली गादी), व्हीलचेअर, कमोड खुर्ची, वॉकर वापरायला देतात. अनामत रक्कम घेतात आणि भाडं नाममात्र किंवा अजिबात नाही. मेडिकल दुकानात किंवा वॉर्डातल्या परिचारिकेला विचारलं की जवळचं केंद्र कळतं.

तीन गोष्टी आधीच विचारा. किती महिने ठेवता येईल, मुदत वाढवता येते का, आणि एअर बेडचा पंप बिघडला तर दुरुस्ती कुणाची. सामान घरी आलं की त्यांच्या माणसासमोरच पलंगाचं हँडल फिरवून पाठ आणि पाय दोन्ही वर उचलून पाहा, व्हीलचेअरचे दोन्ही ब्रेक लावून ढकलून पाहा आणि फोटो काढून ठेवा. अनामत परत घेताना वाद होतो तो याच बाबींवरून.

कायमचं दिव्यांगत्व असेल तर उसना पलंग हा कायमचा उपाय नव्हे, पण त्याने चार-सहा महिन्यांची उसंत मिळते. तेवढ्यात अनुदानाचा अर्ज पुढे सरकतो.

घरातला पलंग उंच करणं

घरात पलंग असेल तर नवा घेण्याआधी हे करा. विटांवर पलंग ठेवू नका. वीट फुटते, पाय सरकतो आणि माणूस उठताना जोर एका कोपऱ्यावर येतो तेव्हाच ते होतं. सुताराकडून बाभळीचे किंवा सागाचे चार ठोकळे करून घ्या, तळाला किमान पाच इंच चौरस. वरच्या बाजूला पायाच्या मापाचा एक इंच खोल खड्डा कोरून घ्यायला सांगा, म्हणजे पाय त्यात बसतो आणि घसरत नाही. तळाला जुन्या सायकलच्या टायरचा तुकडा खिळ्यांनी लावला तर फरशीवर सरकत नाही. लोखंडी पलंग असेल तर पायावर बसणारा जाड पाइपचा तुकडा घालून आरपार बोल्ट मारतात. सहा इंचांपेक्षा जास्त उंची वाढवायची झाली तर पायांना आडव्या पट्ट्या जोडा, नाहीतर पलंग डुलतो.

प्लॅस्टिकच्या खुर्चीखाली मात्र काहीही ठेवू नका. तिचे पाय जोर आल्यावर बाहेर फाकतात. उंच खुर्ची हवी असेल तर जुनी लाकडी किंवा लोखंडी, हात असलेली खुर्ची शोधा आणि तिलाच पाय वाढवून घ्या.

फॅब्रिकेशनवाल्याकडून पलंग

पलंगच नसेल तर मापाचा लोखंडी पलंग गल्लीतल्या वेल्डरकडून करून घेणं हा सहसा सर्वात टिकाऊ मार्ग. हे लोक किलोवर दर सांगतात, म्हणून हिशेब तुम्हालाही यायला हवा.

सव्वासहा फूट बाय तीन फूट पलंगाची बाहेरची चौकट साडेअठरा फूट. दीड फुटाचे चार पाय म्हणजे सहा फूट (पायांची लांबी तुमच्या मापाप्रमाणे कमी-जास्त करा). आत तीन-तीन फुटांच्या पाच आडव्या पट्ट्या, पंधरा फूट. पाय बांधायला दोन्ही टोकांना सहा फूट. डोक्याकडची चौकट सहा फूट. एकूण साडेएक्कावन्न फूट. एक इंची चौकोनी पाइप सहा मीटरच्या लांबीत येतो, म्हणजे तीन नग पुरतात. गेज म्हणजे पत्र्याची जाडी, आकडा लहान तितका पाइप जाड. १६ गेजचा एक नग साधारण सात किलो भरतो आणि १८ गेजचा साडेपाचच्या खाली. म्हणजे १६ गेजमध्ये पलंगाचं लोखंड १८-१९ किलो व्हायला हवं. १४ किलोच्या आसपास भरलं तर पाइप पातळ वापरला आहे. कोटेशनवर गेज लिहून घ्या आणि पाइप कापण्याआधी काट्यावर पाहा.

वेल्डिंग पाहताना प्रत्येक सांध्याला चारही बाजूंनी सलग झाळ आहे का ते बघा. नुसते टाके मारलेले असतील तर दांड्याला धरून उठणाऱ्या माणसाच्या ओढीने सांधा सुटतो. पाइपची उघडी टोकं बंद करून घ्या, पायांना रबरी बूच लावा, रंगाआधी गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइडचा हात द्यायला सांगा. वरच्या १२ मिलिमीटर प्लायवुडला वीतभर अंतरावर एक इंची भोकं पाडा, नाहीतर पावसाळ्यात गादीच्या खालच्या अंगाला बुरशी धरते. धरदांडा सव्वा इंची गोल पाइपचा असावा आणि तो व गादी यांच्यात हात किंवा डोकं अडकेल एवढी फट राहू देऊ नका.

गादी

पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा.

ज्याला शरीराची संवेदना आहे आणि कूस बदलता येते त्याला कापसाची गादी चालते. नवी घेण्याऐवजी जुनी पिंजून घ्या. कापूस उन्हात वाळवून पिंजला आणि नव्या खोळीत भरला की गाठी जातात. खोळ थोडी कमी रुंद करून तोच कापूस भरला तर गादी जाड होते आणि तीन फुटी पलंगावर नीट बसते.

फोमची घेत असाल तर "हाय डेन्सिटी" या शब्दावर विश्वास ठेवू नका. गादी काट्यावर ठेवा. सहा फूट बाय तीन फूट, चार इंच जाडीचा ३२ डेन्सिटीचा (घनमीटरला ३२ किलो) फोम जवळपास साडेपाच किलो भरतो आणि ४० चा पावणेसात किलो. चार किलोचा असेल तर काही महिन्यांत कमरेखाली खळगा पडणार.

ज्याला कमरेखाली संवेदना नाही किंवा कूस बदलता येत नाही, त्याला कापसाची गादी धोक्याची. एकाच जागी दाब राहिला की कातडीचा रक्तपुरवठा थांबतो आणि जखम होते. तिच्या ड्रेसिंगचा आणि दवाखान्याचा खर्च गादीच्या कितीतरी पट होतो. त्यांच्यासाठी हवेच्या फुग्यांची एअर बेड, खाली फोमची गादी ठेवून. वीज गेली की एअर बेड हळूहळू बसते आणि माणूस थेट प्लायवर येतो, म्हणून खालचा फोम काढू नका. आणि एअर बेड असली तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते.

जुनं सामान घेताना

लाकडाखाली पिठासारखा भुसा दिसला तर कीड जिवंत आहे, घेऊ नका. पोकळ आवाज आला तर वाळवी. सांध्यांत, स्क्रूच्या खाचांत मोबाइलची बॅटरी मारून ढेकणांचे काळे ठिपके शोधा. पाणी लागून फुगलेला पार्टिकल बोर्ड पुन्हा बसत नाही आणि त्यात स्क्रूही धरत नाही. लोखंडी पलंग जुना घेणं सर्वात सुरक्षित, उकळतं पाणी ओतून उन्हात ठेवता येतो. जुनी गादी मात्र कुणी फुकट दिली तरी घेऊ नका.

हप्त्याचा खरा हिशेब

दुकानदार १२ टक्के सांगतो ते बहुधा फ्लॅट असतं, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पूर्ण मूळ रकमेवरच. दहा हजारांवर वर्षाचे बाराशे, म्हणजे महिन्याला ९३३ रुपये. पण तुम्ही दरमहा मुद्दल फेडत असता, त्यामुळे खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. "शून्य टक्के" असेल तर एकच प्रश्न विचारा: आत्ता रोख दिले तर किती? दोन किमतींतला फरक हेच व्याज, वर प्रोसेसिंग फी. एक हप्ता चुकला की बँकेचा आणि कंपनीचा असे दोन दंड लागतात.

दर महिन्याला टक्के लावणाऱ्या बिनपरवाना सावकाराकडे तर जाऊच नका. आधीच अडकला असाल तर महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ खाली तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, सहकारी संस्था विभागात, तक्रार करता येते.

वसुलीवाले दारात आले तर

"पलंग उचलून नेऊ" ही धमकी नेहमीची आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या वसुलीतही कर्जदाराचे, त्याच्या पत्नीचे आणि मुलांचे पलंग, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी आणि गरजेचे कपडे जप्त करता येत नाहीत. एजंटला तर कोर्टाच्या आदेशाशिवाय घरात शिरून काहीच उचलता येत नाही. मायक्रोफायनान्सचं कर्ज विनातारण असतं, त्यापोटी सामान मागणं बेकायदा. हप्त्यावर घेतलेली वस्तू गहाण लिहून दिली असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून करारात ते कलम आहे का ते आधी वाचा.

वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करू नयेत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे; मायक्रोफायनान्सच्या कर्जाला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर. वेळ, नंबर आणि बोलणं वहीत लिहून ठेवा आणि ओळखपत्राचा फोटो मागा.

वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा. जाताना यूडीआयडी कार्ड, कर्जाची सगळी कागदपत्रं, बँकेला दिलेल्या पत्राची पोच आणि फोनची वही बरोबर न्या, आणि प्रकरण लोकअदालतीत ठेवायची विनंती तिथेच लेखी करा. लोकअदालतीला कोर्ट फी लागत नाही आणि मान्य झालेला हप्ता न्यायालयाच्या हुकुमाइतकाच बंधनकारक असतो. म्हणून तिथे सही करताना औषध, विजेचं बिल आणि गादी-पलंगाचा खर्च वजा करून जो आकडा खरोखर दरमहा भरता येईल तेवढाच कबूल करा.